व्हॅनमधला इन्व्हर्टर बॅटरीपासून किती लांब? प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

मागचा बेड उचकटला. दुसऱ्याच्या हातून आलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये बेडखाली काय निघेल याचा नेम नसतो. निघालं ते असं: प्लायच्या पेटीत १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन पाण्याच्या (म्हणजे वरून पाणी घालावं लागणाऱ्या लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या, आणि पेटीच्या झाकणावर २००० वॅटचा इन्व्हर्टर आडवा टाकून चार स्क्रूंनी पक्का केलेला. केबल जेमतेम वीतभर. झाकणाला भोकंही पाडलेली, हवा खेळावी म्हणून असणार. ती नेमकी इन्व्हर्टरच्या पंख्याखाली.

इन्व्हर्टरचं कव्हर काढलं. पंख्याच्या जाळीवर पांढरट चुरा. आत, पंख्याच्या तोंडासमोर बोर्डाचा जो पट्टा येतो तिथे तांब्याचे ट्रॅक निळसर हिरवे पडलेत. इनपुटच्या मोठ्या कपॅसिटरांच्या पायांशी खरखरीत थर. नखाने खरवडला की भुगा होऊन पडतो. दोन स्क्रूंची डोकी गंजून गेलीत. पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात मात्र बोर्ड नवाकोरा, छपाईची अक्षरंसुद्धा स्वच्छ वाचता येतात. पंखा काय ओढत होता आणि कुठे मारत होता, याचा नकाशाच बोर्डावर उमटलाय. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून बुडबुड्यांबरोबर आम्लाचे बारीक तुषार वर येतात. ते भोकांतून वर, पंख्यातून आत.

हा इन्व्हर्टर परत बसवायचा नाही. आणि त्या तुषारांबरोबर हायड्रोजनही आतून जात होता, हे लक्षात घेता तो फक्त गंजला हे नशीबच म्हणायचं.

३ नोव्हेंबर

हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारा) लावला. दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून बाराही सेलमध्ये घनता १.२६ ते १.२७ च्या आत. बॅटऱ्या अलीकडेच बदललेल्या दिसतात, चांगल्या आहेत.

दादा येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं सरळ: "लिथियम टाक रे. वायूची कटकटच नाही. मग इन्व्हर्टर कुठेही ठेव."

वायूचं पटतं, शेवटचं वाक्य नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट रोजच्या वापरात वायू सोडत नाही, हे खरं. पण सेल बिघडून तापायला लागला तर जे बाहेर पडतं त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, इलेक्ट्रोलाइटची पेटणारी वाफ आणि हायड्रोजन फ्लोराइड असतं. शिवाय उष्णतेचा प्रश्न दोघांनाही सारखाच: इन्व्हर्टरखाली किंवा त्याला चिकटून ठेवलेली बॅटरी, कुठलीही असो, लवकर म्हातारी होते. लेड-अ‍ॅसिडचा ढोबळ हिशेब म्हणजे तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य निम्म्यावर.

आणखी एक. बॅटरी बदलते, खण राहतो. आज लिथियम धरून खण बांधला आणि उद्या ही गाडी घेणाऱ्याने स्वस्तात मिळाली म्हणून पाण्याची बॅटरी आणून ठेवली, तर त्याला कोण सांगणार? म्हणून ठरवलं: खण सगळ्यात वाईट बॅटरीच्या हिशेबाने बांधायचा. सध्या याच दोन बॅटऱ्या वापरायच्या, लिथियम नंतर बघू. दादा म्हणाला, "बांध, पण वजन तूच उचल."

५ नोव्हेंबर

वायूचा हिशेब कागदावर.

बॅटरी भरत आली की जादाचा करंट पाणी फोडण्यात जातो. दर सेलला साधारण २.३५ ते २.४ व्होल्टच्या पुढे हे जोरात सुरू होतं, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.१ ते १४.४. सोलर कंट्रोलर (सोलर पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा) तर रोज दुपारी तिथेच असतो. असा एक अँपिअर-तास एका सेलमधून सुमारे ०.४२ ते ०.४५ लिटर हायड्रोजन काढतो. ५ अँपिअर जादा जातायत असं धरलं तर सहा सेल मिळून तासाला जवळजवळ १३ लिटर. (समांतर बॅटऱ्यांत करंट वाटला जातो, म्हणून बारा नाही, सहाच सेल धरायचे.)

पेटीतली मोकळी जागा मोजली तर ६० लिटरच्या आसपास भरते. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो. ६० लिटरचे ४ टक्के म्हणजे २.४ लिटर. पेटी पूर्ण बंद असती तर ११ मिनिटांत तिथे पोचली असती. पेटवायला लागणारी ऊर्जा ०.०२ मिलिज्यूल इतकी कमी की रिलेची (विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचची), साध्या स्विचची, सैल लगची (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्याची), कुठलीही ठिणगी पुरते. इन्व्हर्टरमध्ये रिले असतो, चार्जरमध्येही असतो.

खरी पेटी कधीच हवाबंद नसते, हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, फट दिसली की निघून जातो. म्हणूनच बहुतेकांचं आयुष्यभर काही बिघडत नाही आणि म्हणूनच ही मांडणी इतक्या गाड्यांत दिसते.

हवा किती हवी यासाठी आयईसी ६२४८५-२ या मानकातलं सूत्र वापरलं. ते स्थिर बॅटऱ्यांसाठी आहे, पण रसायन तेच. दर तासाला लागणारी हवा, घनमीटरमध्ये = ०.०५ × सेलची संख्या × दर अँपिअर-तासामागचा वायूचा करंट × क्षमता ÷ १०००. पाण्याच्या बॅटरीला जोरात चार्ज करताना तो करंट २० मिलिअँपिअर धरतात. ०.०५ × ६ × २० × २०० ÷ १००० = १.२ घनमीटर. पंख्याशिवाय, आपोआप हवा खेळायला तोंडाचं क्षेत्रफळ याच्या २८ पट, चौरस सेंटिमीटरमध्ये: ३३.६. आत यायला एवढं आणि बाहेर जायला वेगळं एवढं. जुन्या झाकणातली भोकं सगळी धरून याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

६ नोव्हेंबर

आज उलट बाजू. इन्व्हर्टर लांब नेला तर काय बिघडतं?

२००० वॅट, ९० टक्के कार्यक्षमता, १२ व्होल्ट: १८५ अँपिअर. ७० चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला पाव मिलिओहम. बॅटरीपासून इन्व्हर्टर १ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २ मीटर, ०.०९ व्होल्ट पडतात, केबलमध्ये १७ वॅट जातात. तोच ३ मीटरवर नेला तर ०.२८ व्होल्ट आणि ५१ वॅट. बॅटरी अर्धी उतरलेली असताना हे पाव व्होल्ट इन्व्हर्टरला लो-व्होल्टेजवर बंद पाडायला पुरेसे. दुसरं असं की इन्व्हर्टर बॅटरीतून सरळ करंट ओढत नाही. आउटपुटच्या दुप्पट वारंवारतेने हिसके मारतो. केबल लांबली की ते हिसके इनपुट कपॅसिटरांना सोसावे लागतात, ते तापतात आणि आधी मरतात.

म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला बॅटरीजवळ जायचंय आणि बॅटरीला ते जवळ नकोय. दोघांच्या मधला आकडा त्याच मानकात सापडला. ठिणगी किंवा तापून लाल होऊ शकणारी वस्तू बॅटरीच्या वायू सुटण्याच्या तोंडापासून किमान किती लांब हवी, मिलिमीटरमध्ये: २८.८ × वायूच्या करंटचं घनमूळ × क्षमतेचं घनमूळ. २० चं घनमूळ २.७१, २०० चं ५.८५. उत्तर ४५७ मिमी, म्हणजे ४६ सेंटिमीटर. मध्ये भिंत घातली तर अंतर भिंतीला वळसा घालून मोजायचं. दोरा लावून मोजता येईल.

४६ सेंमी आणि १ मीटर यांच्या मध्ये भरपूर जागा आहे. वाद मिटला.

१० नोव्हेंबर

मांडणी नक्की. बेडखाली उजव्या बाजूला, चाकाच्या मागे, बॅटरीची पेटी. तळाला, थेट गाडीच्या फ्रेमला आवळलेली. तिच्या शेजारी बेडच्या फळीपर्यंत पोचणारी उभी भिंत. भिंतीपलीकडे उपकरणांचा खण: इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, चालू गाडीतून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर, मुख्य फ्यूज, बसबार (सगळ्या केबल जिथे एकत्र जोडतात ती धातूची पट्टी), स्विच. बॅटरीच्या वर काहीही नाही. वर बेडची फळी आणि गादी, बस.

गॅस सिलिंडर डाव्या बाजूच्या स्वतंत्र खणात आधीपासून आहे, तिथेच राहील. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गाडीत दोन उलट स्वभावाचे वायू आहेत. हायड्रोजन छताकडे पळतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो फरशीवर साचतो, आणि २ टक्क्यांच्या आसपास पेटतो. सिलिंडरच्या खणाला जमिनीलगत बाहेरचं भोक आहे, ते मोकळं आहे याची खात्री केली. उपकरणांच्या खणात आणि त्यात कुठलीही सामाईक फट राहू द्यायची नाही. केबलचा मार्गही तिकडून नको.

१५ नोव्हेंबर

पेटी पॉलिप्रॉपिलीनची, झाकणाला रबरी गॅस्केट. आत बॅटऱ्यांना वरून पट्टी आणि दोन लांब बोल्ट. ब्रेक मारल्यावर पन्नास-साठ किलोंनी पुढे यायचं नाही. पाणी घालायला वर हात जाईल एवढी जागा ठेवली. ही जागा पेटी बनवणारे नेहमी विसरतात, मग महिनोन्‌महिने पाण्याची पातळी कुणी बघत नाही आणि प्लेट उघड्या पडतात.

केबल बाहेर काढायला भिंतीत दोन ग्रंथी, म्हणजे केबल ग्लँड, रबर आवळून बसणाऱ्या. भोकात केबल घालून सिलिकॉन भरण्यापेक्षा हे बरं. केबल हलली तरी सील सुटत नाही आणि कडेवर घासतही नाही.

पॉझिटिव्ह टर्मिनल भिंतीच्या बाजूला येईल अशा बॅटऱ्या फिरवल्या. बोटींसाठीच्या एबीवायसी मानकात फ्यूज स्रोतापासून ७ इंचांच्या आत मागतात, म्हणजे १८ सेंटिमीटरला जरा कमी. फ्यूज पेटीच्या आत नको होता. भिंतीच्या लगेच पलीकडे बसवला तेव्हा टर्मिनलपासून केबल १६ सेंटिमीटर भरली, तीही जाड स्लीव्हमध्ये. फ्यूज क्लास टी प्रकारचा, २५० अँपिअरचा. या दोन बॅटऱ्यांना साधा एएनएल प्रकारचा फ्यूज चालला असता, तो ६००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. क्लास टी २०,००० तोडतो. उद्या लिथियम आली की शॉर्ट सर्किटचा करंट वाढणार, तेव्हा फ्यूज बदलायची आठवण कुणाला राहते?

१८ नोव्हेंबर

हवेच्या नळ्या. ३३.६ चौरस सेंटिमीटरला साडेसहा सेंटिमीटर व्यासाची नळी लागते; ७५ मिमीची पीव्हीसी घेतली, आतून ती थोडी जास्तच भरते. आत येणारी पेटीच्या तळाशी, गाडीच्या खालून. जाणारी झाकणाच्या अगदी खाली, सर्वात उंच बिंदूतून निघून बाजूच्या पत्र्यातून बाहेर. नळी पूर्ण लांबी चढतीच ठेवली. मध्ये कुठे उंचवटा येऊन पुन्हा उतार आला तर हायड्रोजन तिथेच अडकून बसतो. बाहेरचं तोंड खिडकीखाली नाही आणि गॅसवरच्या फ्रिजच्या बर्नरच्या हवेच्या जाळीजवळ तर नाहीच नाही.

बॅटऱ्या बाहेर ठेवून, रिकाम्या पेटीत धुमसणारी सुतळी धरून बघितली. धूर वरच्या नळीतून निघून गेला. मग उपकरणांच्या खणात हवा बाहेर फेकणारा पंखा तात्पुरता लावला आणि ग्रंथी सैल केल्या. धूर लगेच भिंतीकडे वळला आणि केबलभोवतीच्या फटीतून पलीकडे यायला लागला. हेच बघायचं होतं. उपकरणांच्या खणातून हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा तिथला दाब कमी करतो आणि शेजारच्या पेटीतला वायू स्वतःकडे बोलावतो. म्हणून पंखा उलटा: बाहेरून आत ढकलणारा. ग्रंथी कधी सैल झाली तरी हवा पेटीकडे जाईल, पेटीतून येणार नाही.

२२ नोव्हेंबर

नवा इन्व्हर्टर बसला. बॅटरीच्या भिंतीवर नाही, तिच्या समोरच्या भिंतीवर, उभा. मागे ८ मिमी सिमेंट बोर्ड, आणि बोर्डामागे स्पेसर घालून १० मिमी हवा. पूर्ण लोडवर १० टक्के म्हणजे २०० वॅटपेक्षा जास्तच उष्णता होते. खणातली हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू नये तर तासाला ६५-७० घनमीटर हवा बदलायला हवी. १२ सेंटिमीटरचा एक पंखा पुरतो, पण तोंडं मोकळी हवीत. त्याच्यासमोर चादरी कोंबल्या की संपलं. सर्व बाजूंनी १० सेंटिमीटर मोकळे सोडले. कंट्रोलर आणि डीसी-डीसी चार्जर खाली, पंख्याच्या गार हवेत. इन्व्हर्टरच्या वर लावले असते तर त्याची गरम हवा खाऊन दोघांनीही आपली ताकद कमी केली असती, ४० अंशांच्या पुढे बहुतेक उपकरणं तेच करतात.

खालची कड फरशीपासून तळहातभर वर. गाडीत पाणी सांडतंच.

दोरा लावला. झाकण उघडं धरून, बॅटरीच्या बुचापासून भिंतीच्या वरच्या कडेवरून इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपर्यंत ७१ सेंटिमीटर. स्विचपर्यंत ६४. केबल मात्र एका बाजूची ९५ सेंटिमीटरच.

तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगावर चिकटवला, खणात लोंबकळता ठेवला नाही. लेड-अ‍ॅसिडला दर अंशाला दर सेलमागे सुमारे ४ मिलिव्होल्टची सुधारणा लागते. सेन्सरने बॅटरीऐवजी १० अंश जास्त गरम हवा मोजली, तर चार्जर पाव व्होल्ट कमी देणार आणि बॅटरी रोज अर्धपोटी राहणार.

२४ नोव्हेंबर

जोडणी. हातातलं घड्याळ, अंगठी काढून. चार्जिंग आदल्या दिवसापासून बंद, झाकण उघडं, पेटी वारं खाऊन मोकळी झालेली. बॅटरीचे लग आधी आवळले, निगेटिव्ह शेवटी. मुख्य स्विच उघडाच, म्हणजे करंट तोडलेला.

इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असतात, पहिल्यांदा जोडताना ते बॅटरीवर तुटून पडतात आणि चांगली जाड ठिणगी उडते. ती बॅटरीच्या टर्मिनलवर उडू द्यायची नाही. स्विचच्या दोन टोकांवर ३० ओहमचा, मोठ्या वॅटचा रोधक काही सेकंद धरला, मीटरवर इन्व्हर्टरच्या बाजूला १२ व्होल्ट दिसले, मग स्विच फिरवला. आवाजसुद्धा झाला नाही. दादाला ठिणगी बघायची होती, तो हिरमुसला.

२८ नोव्हेंबर

लोड टेस्ट. १५०० वॅटचा हीटर, अर्धा तास. क्लॅम्प मीटरवर १४० अँपिअर. बाहेरची हवा २९ अंश.

इन्व्हर्टरचं अंग ५२. भिंतीची उपकरणांकडची बाजू ३६, बॅटरीकडची ३१. बॅटरीचं अंग ३२. छान. लग सगळे ४० च्या आतबाहेर, फ्यूजचे ४७, फ्यूज तापतोच.

मुख्य स्विच ७४. वरच्या स्टिकरवर ३०० अँपिअर छापलंय. इन्फ्रारेड थर्मामीटर चमकत्या धातूवर फसवतो, म्हणून काळी टेप लावून पुन्हा घेतलं, तेच. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन बोल्टांवर टोकं टेकवली: १८० मिलिव्होल्ट. १४० अँपिअरला २५ वॅट, सोल्डरिंग आयर्न खणात चालू ठेवल्यासारखं. नट आवळलेले होते, लग साफ होते, दोष आतल्या पात्यांचा. पूर्ण मीटरभर केबलमध्ये पडत नाहीत इतके व्होल्ट या एका स्विचने खाल्ले.

बाकीचे सांधेही असेच मोजले. थर्मामीटरपेक्षा ही पद्धत लवकर सांगते: लोड चालू, टोकं सांध्याच्या दोन बाजूंना, १० मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर उघडून बघायचं.

३० नोव्हेंबर

स्विच बदलला. त्याच लोडला १२ मिलिव्होल्ट, अंग ४१.

११ जानेवारी

लांबच्या फेरीनंतर सगळं उघडलं, त्यात खराब रस्ता भरपूर होता. बॅटरीच्या पट्टीचा एक बोल्ट पाव फेरा सैल, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) घातला. लग जागच्या जागी. आवळल्यावर मारलेल्या रंगाच्या रेघा कुठेच सरकलेल्या नाहीत. इन्व्हर्टरच्या पंख्याची जाळी पांढऱ्या कापसाने पुसली, फक्त धूळ. निळंहिरवं काही नाही. पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र बारीक ओलसर थर, सोड्याचं पाणी टाकलं तर फसफसला. म्हणजे तुषार येतातच, आता ते जिथे यायचे तिथे थांबतात.

वरच्या नळीच्या बाहेरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधायला घेतलंय, एक तृतीयांश तोंड बुजलं होतं. काढून टाकलं. दोन्ही तोंडांना जाळी लागेल, ती प्लास्टिकची, तांब्यापितळेची आम्लात टिकत नाही. जाळीने मोकळं क्षेत्रफळ घटतं, म्हणून तोंडाशी ७५ वरून ११० मिमीचा रेड्यूसर लावून जाळी त्या मोठ्या तोंडावर बसवायची. रेड्यूसर घरात एकच आहे, दुसरा आणायचाय.